जीमॅटच्या डेटा सफिशियन्सीचा रेकॉर्डेड कोर्स: घ्यावा का नाही

नाव नाही लिहत कोर्सचं, पण इकडे दारव्हा-दिग्रस साइडला जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास म्हटला तं थेट नागपूरच गाठा लागते, म्हणून बरेच पोरं असेच ऑनलाइन कोर्स पाहून राहिले, त्यांच्यासाठी लिहून राहिलो.

सुरुवातीचे व्हिडिओ एक नंबर. डेटा सफिशियन्सी म्हणजे एक प्रश्न आन दोन विधानं देतात, तेवढ्या माहितीत उत्तर निघते का ते सांगाचं. सर पहिलेच सांगतात की इथं गणित सोडवाचं नाही, सुटते का एवढंच पाहाचं. पाच ऑप्शन दर वेळी तेच राहतात, एकदा डोक्यात बसले की वाचत बसाची गरज नाही. आन होय-नाही वाल्या प्रश्नात पक्कं 'नाही' आलं तरी माहिती पुरेशीच धराची, हे चांगले इंजिनिअरिंगवालेही विसरतात.

सगळ्यात भारी भाग म्हणजे C चा सापळा (C म्हणजे दोन्ही विधानं मिळूनच पुरतात, A म्हणजे विधान 1 एकटंच पुरते). समजा 17 रुपयाच्या वह्या आन 25 रुपयाचे पेन घेतले, वह्या किती? विधान 1, बिल 152 झालं. विधान 2, नग एकूण 8. आपण म्हणतो दोन अज्ञात, दोन समीकरणं, झालं, C. पण अर्धी वही कोणी विकत नाही ना भाऊ! पूर्ण संख्याच पाहिजे म्हटल्यावर 152 मध्ये 6 वह्या आन 2 पेन एवढंच बसते, म्हणजे विधान 1 एकटंच पुरते, उत्तर A. ही सवय लागली तेवढ्यातच माझे पैसे वसूल.

आता बोंब. नवीन पॅटर्न 2023 च्या शेवटी आला, डेटा सफिशियन्सी क्वांट म्हणजे गणिताच्या भागातून उचलून डेटा इनसाइट्स नावाच्या भागात टाकली, तिथं 45 मिनिटात 20 प्रश्न, त्यातही टेबल, ग्राफ सगळं मिसळलेलं, स्क्रीनवर कॅल्क्युलेटर भेटते, आन हे कोर्सवाले अजून जुन्याच पॅटर्नच्या टायमिंगवर शिकवून राहिले. मधातले बरेच व्हिडिओ त्याच्यानं वाया. भाषा पूर्ण इंग्लिश, तेही सुसाट. डाऊट टाकला की उत्तराची वाट पाहत बसा.

एक सोय बरी आहे, व्हिडिओ अ‍ॅपमध्ये डाउनलोड होते, लाईन गेली, टॉवर गेला तरी चालते.

पहिले एमबीए डॉट कॉमवरच्या दोन फ्री मॉक (सराव परीक्षा) देऊन पाहा. डेटा सफिशियन्सीतच मार जात असला तं घ्या, तोही कमी मुदतीचा प्लॅन, कारण कामाचे व्हिडिओ सुरुवातीलेच आहेत. टेबल-ग्राफात अडकत असान तं या कोर्सात तुमच्यासाठी काहीच नाही.