माझ्या लेथचे दोन दात खोटे निघाले

सेकंडहँड छोटी लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) घ्यायच्या नादात कुणी असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. मला हे शिकायला एक लाख पस्तीस हजार पडलेत, टेम्पोभाडं वेगळंच.

मी बेळगावचा, शहापूरला घर. नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, पण वडील उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर होते, लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हाचा तो कटिंग ऑईलचा वास अजून डोक्यातनं जात नाही. जिन्याखाली सहा बाय नऊची जागा आहे, तिथं ड्रिल मशीन, ग्राइंडर, व्हाइस असा संसार मांडलाय. छोट्या स्टीम इंजिनची मॉडेलं करायचा छंद. आता सिलिंडर, पिस्टन हे लेथशिवाय होत नाही, म्हणजे दरवेळी उद्यमबागेत कुणाच्या तरी मागं लागायचं. त्यांच्या सहा फुटी, आठ फुटी मशीनवर पाचशे नगांची ऑर्डर चढलेली असते, आणि मी आपला एक पितळी पिस्टन खिशातनं काढतो. हसतात लोक. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच गावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली म्हणे, तेव्हाही हसलेच असतील.)

तर घरात मावेल अशी लेथ पाहिजे होती. नवीन चायनीज मिनी लेथ मिळतात, सात इंची स्विंग (म्हणजे जास्तीत जास्त एवढ्या व्यासाचं काम बसतं), साडेतीनशे मिलिमीटर लांबी, वजन चाळीस किलोच्या आसपास. वाईट नाहीत, पण बऱ्याच मशीनमध्ये आत प्लॅस्टिकचे गियर असतात आणि घेतल्यावर पहिले दोन महिने ती सेट करण्यातच जातात. मला हवी होती मायफर्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही इंग्लंडची, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनची. एमएल सेव्हन हे मॉडेल १९४६ मध्ये आलं, सेंटर हाइट (बेडपासनं फिरत्या अक्षाची उंची) साडेतीन इंच, आणि छंदवाल्या लोकांनी ती इतकी डोक्यावर घेतली की मूळ कंपनी २०११ मध्ये बंद पडली तरी जुन्या मशीनला मागणी कमी नाही. आपल्याकडं क्वचित एखादी बंद पडलेल्या टूलरूममधनं नाहीतर जुन्या पॉलिटेक्निकमधनं बाहेर येते.

आणि नेमकी तशीच जाहिरात दिसली. कागलच्या पुढं एका शेडमध्ये, 'टूलरूम कंडिशन', हिरवागार हॅमरटोन रंग. फोन केला तर माणूस एकदम गोड. "बेळगावचे काय? मग आपलेच की तुम्ही. सीमाभागातल्या माणसाकडनं नफा घेतला तर देव बघून घेईल मला." इथंच मी निम्मा गार झालो. आमच्याकडं जन्मभर ऑफिसात कन्नड फॉर्म भरायचे, आणि पलीकडनं कुणी 'आपले' म्हटलं की काळीज विरघळतं, काय करणार. रविवारी मित्राला घेऊन गाडी काढली, निपाणी, कोगनोळी टोल करत पोचलो. जाताना त्याच्यासाठी कुंद्याचा बॉक्स घेऊन गेलो मी. फसवणाऱ्याला कुंदा! बायको अजून ऐकवते.

मशीन खरी मायफर्डच होती, त्यात खोटं नव्हतं. त्यानं चकमध्ये (काम पकडून फिरवणारा जबडा) दोन इंची ॲल्युमिनियमचा तुकडा लावला, हलका कट घेतला, आरशासारखं फिनिश. मी माझा डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावला, काटा दोन-तीन रेघा हलला, त्यात काय वाईट नाही. आवाज तर इतका मऊ की शिवणयंत्र बरं. बेडवर, म्हणजे मशीनच्या खालच्या लांब पायावर, टेलस्टॉकच्या बाजूला (चकच्या समोरचं टोक) एक लाकडी पेटी ठेवलेली, कोपऱ्याला पत्र्याची पट्टी ठोकलेली आणि झाकणावर लाल ऑईलपेंटनं ३ लिहिलेलं. झाकण उघडून दाखवलं, आत चेंज गियर, चार जॉचा चक, फेसप्लेट, स्टेडी, सगळं तेल लावून नीट. चेंज गियर नसतील तर या मशीनवर आटे पाडता येत नाहीत, म्हणून मला त्या पेटीचं मशीनपेक्षा जास्त अप्रूप. मी विचारलं बॅकगियर (फेरे एकदम कमी करणारा गियर) लागतो ना, तर म्हणाला "लागतो की, पण आत्ताच ग्रीस भरलंय, हात घालू नका, कपडे घाण होतील." चांगले कपडे घालून गेलो होतो खरा. हात घातला नाही.

वीस हजार तिथंच दिले. चार दिवसांनी ऐंशी हजार यूपीआयनं, ते पण "माझं खातं जरा अडकलंय, पुतण्याच्या नंबरवर टाका" म्हणून भलत्याच नावावर, आणि उरलेले पस्तीस टेम्पोवाल्याच्या हातात रोख. पावती नाही. बिल मागितलं तर "जुन्या मशीनचं कसलं बिल साहेब, घरचा व्यवहार." टेम्पो आला, चौघांनी मशीन उतरवली, पेटी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला मला एवढंच दिलंय. फोन केला तर "अरे राहिलीच बघा, पुढच्या खेपेला पाठवतो." पुढच्या आठवड्यापासनं फोन बंद.

तरी म्हटलं पेटी गेली तर गेली, मशीन तर आहे. मग एका संध्याकाळी बिडाचं फ्लायव्हील लावलं, त्याला स्पीड कमी पाहिजे, मिनिटाला पस्तीस-चाळीस फेरे, म्हणजे बॅकगियर टाकायलाच लागतो. टाकला. टक्... टक्... आणि तिसऱ्याला कचकन थांबलं. कव्हर काढून टॉर्च मारला तर स्पिंडलवरच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्यावरच्या, मोठ्या गियरवर करड्या रंगाचा चुरा. बोटानं चोळून बघितला, लोखंड नव्हतंच ते.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या जुन्या कारखान्यातल्या मामांना बोलावलं. कन्नडवाले, सत्तरी ओलांडलेली, अजून वर्कशॉपला जातात. त्यांनी चष्मा वर केला, नख लावलं आणि हसायलाच लागले. "तम्मा, ह्याचं हल्लु डुप्लिकेट हाय की! एमसील घालून दात केल्यात, वर चांदीचा रंग मारलाय." दोन दात. म्हणाले चक घट्ट बसला की लोक बॅकगियर टाकून स्पिंडल लॉक करतात आणि चकला हिसका देतात, त्यात हे दात उडतात, या मशीनचं जुनं दुखणं आहे. मला हे वाचून माहीत होतं. हेच तर वाईट वाटतं, माहीत असून बघितलं नाही.

मग मामांनी एकेक काढायला सुरुवात केली. हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या भागाच्या, व्हाइटमेटल बेअरिंगला पातळ तेल लागतं, आपल्याकडं हायड्रॉलिकवाले वापरतात ते बत्तीस नंबर चालतं, तर यात गियर ऑईल भरलेलं, चिकट काकवीसारखं. त्यामुळं तो मऊ आवाज. ते काढून बरोबर तेल घातलं, चकमध्ये दोन फुटी बार धरून वर उचलला तर डायलचा काटा नाचायला लागला. मग कॅरेज, म्हणजे हत्यार घेऊन बेडवरनं सरकणारा भाग. चकजवळ जिब (कॅरेजची ढिलाई घालवणारी पट्टी) नीट टाइट केलं तर टेलस्टॉककडं जाता जाता कॅरेज अडकतं, तिकडं मोकळं केलं तर चकजवळ डुगडुगतं. म्हणजे बेड चकजवळ खाल्लेला, झिजलेला. आणि ती पेटी तिकडच्या टोकाला का ठेवली होती ते मला जिन्याखाली बसून तेव्हा कळलं, कॅरेज शेवटपर्यंत नेऊच देत नव्हता तो! शेवटी एक इंची एमएस बार शंभर मिलिमीटर लांबीत टर्न करून मायक्रोमीटर लावला, दोन टोकांत अकरा शतांश मिलिमीटरचा फरक. दोन इंची ॲल्युमिनियमवर हे कसं दिसणार.

टेलस्टॉकवर हॅमरटोनच्या खाली लांबी (पुट्टी) भरलेली निघाली, तिथली चीर बघून मी पुढं खरवडायचं सोडून दिलं.

तर जाताना चांगले कपडे घालू नका. बॅकगियर टाकून चक हातानं पूर्ण एक फेरा फिरवा आणि मार्करनं खूण करून मोठ्या गियरचा एकेक दात बघा, नख लावून. बेडवर काही ठेवलं असेल तर पहिलं ते खाली उतरवा आणि कॅरेज या टोकापासनं त्या टोकापर्यंत न्या. बार स्वतःचा न्या, लोखंडी, जाड, आणि मायक्रोमीटर पण. अर्धा तास चालवून हेडस्टॉकला हात लावून बघा, तापतोय का. चहा नंतर प्या. सुट्या भागांची पेटी असेल तर ती त्याच दिवशी गाडीत घाला, मशीन मागनं येऊ दे. आणि पैसे पुतण्याच्या खात्यावर मागितले तर उठा तिथनं.

तक्रारीचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, नोंद झाली, पण तुम्ही स्वतः बघून घेतलंय, स्वतः पाठवलेत म्हटल्यावर गाडी तिथंच अडली. इथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले व्यवहार महाराष्ट्रात झालाय, तिकडं जावा. तिकडं गेलो तर म्हणाले राहता कर्नाटकात, तिकडं द्या. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी, कुठंही घेता येतो, नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १७३ कलमात लिहिलंय, ते मी प्रिंट काढून घेऊन गेलो तेव्हा कुठं इथं अर्ज घेतला. कन्नडमध्ये लिहून द्यायला लागला, 'बॅकगियर'ला काय लिहायचं यावर आम्ही तिघं पंधरा मिनिटं बसलो, शेवटी मामांनी सांगितलं तसंच बॅकगियर लिहिलं.

मशीन आता उघडून ठेवलीय. तो गियर बदलायचा तर स्पिंडल बाहेर काढायला लागतो. मामांच्या ओळखीत मच्छेला एक जण नवीन कापून देतो म्हणालाय, बेडचं ग्राइंडिंग मात्र परवडायचं नाही.

परवा मित्रानं एका जाहिरातीचा फोटो पाठवला. दुसरी लेथ, रंग तोच हिरवा हॅमरटोन, फोन नंबर वेगळा. टेलस्टॉकच्या बाजूला बेडवर लाकडी पेटी, कोपऱ्याला पत्र्याची पट्टी, झाकणावर लाल रंगात ३.