इंक आणि इंकी : दुय्यम पात्रांच्या दुरुस्तीसाठी उत्तम, पण चाचणीत कमी पडणारं साधन

संवादी कथाखेळाच्या, म्हणजे खेळाडू पर्याय निवडत पुढे नेतो अशा कथेच्या, पहिल्या खर्ड्यात दुय्यम पात्रं बहुधा माहिती पुरवण्यापुरतीच असतात. त्यांच्यात जीव येतो तो फेरलेखनात, आणि 'इंक' तिथेच कामाला येते. 'इंकल' या ब्रिटिश स्टुडिओने 2016 मध्ये ही लेखनभाषा सगळ्यांसाठी खुली केली. ती आणि तिचा 'इंकी' हा एडिटर दोन्ही मोफत आहेत, आणि इंकी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो.

इंक मोजदाद स्वतःच ठेवते. कथेच्या प्रत्येक नाव दिलेल्या तुकड्याला, म्हणजे 'नॉट'ला, खेळाडू किती वेळा आला हे तिला ठाऊक असतं. कंसात नाव दिलेल्या पर्यायाचंही तसंच.

समजा, वाड्याचा रखवालदार हे पात्र आहे. नवखे लेखक त्याला 'विश्वास : 40' असा आकडा देतात. पण ते 40 लाच देऊन मिळाले की त्याची कंदील-काठी शोधून दिल्याने, हे आकडा सांगत नाही. म्हणून संवाद गुळमुळीत होतो. दुरुस्ती करताना आकडा काढा आणि तीन-चार पर्यायांना नावं द्या: फाटकावर खोटं बोलला, रात्री दिसला, मुलीची चौकशी केली. मग त्याची प्रत्येक ओळ यांपैकी कशावर अवलंबून आहे ते तपासा. कशावरच नसेल, तर ती ओळ दुसऱ्या कुणाच्याही तोंडी चालेल, ती बदला.

रखवालदार अनेक प्रसंगांत येत असेल तर त्याचा संवाद वेगळ्या फाइलीत 'टनेल' म्हणून लिहावा. कथा तिथे जाते आणि जिथून आली तिथे परतते. प्रसंगाची नक्कल करून दुसरीकडे चिकटवली की मोजणी दोन नावांत विभागते आणि पात्र सगळं विसरतं. टनेलच्या शेवटी परतीची खूण राहिली, तर कथा तिथेच अडकते. एकदाच वापरायचे सगळे पर्याय संपले आणि आधाराचा पर्याय, म्हणजे दुसरं काही उरलं नाही की आपोआप घेतला जाणारा, ठेवला नसेल, तरी तेच होतं.

आणखी एक फसवी जागा आहे. 'किती वळणांपूर्वी (म्हणजे खेळाडूच्या किती निवडींपूर्वी) भेटला' हे सांगणारं फंक्शन भेट झालीच नसेल तर उणे 1 देतं. त्यामुळे 'पाचपेक्षा कमी' अशी अट घातली, की अनोळखी रखवालदारही 'पुन्हा आलात?' म्हणतो. आधी भेट झाली आहे का, ही अट सोबत हवीच. ओळींमध्ये उभ्या रेघा देऊन लिहिलेली, दर वेळी पुढची ओळ दाखवणारी साधी ओळमालिका शेवटच्या ओळीवर थांबते, म्हणून ती शेवटची ओळ दहादा ऐकली तरी खपेल अशी लिहा.

इंकीत डावीकडे लिहिलं की उजवीकडे कथा लगेच खेळता येते. संवाद घासूनपुसून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. पण सगळ्या वाटा आपोआप खेळून बघणारी चाचणी त्यात नाही, 'चॉइसस्क्रिप्ट' या अशाच दुसऱ्या लेखनभाषेत आहे. 'ट्वाइन' या दुसऱ्या साधनासारखा कथेच्या वाटा दाखवणारा नकाशाही नाही. वीस-पंचवीस पात्रांच्या कथेत ही उणीव जाणवते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा, नॉट आणि व्हेरिएबलची (बदलती माहिती साठवणाऱ्या खणांची) नावं मात्र रोमन लिपीत ठेवावीत. पाच-सहा पात्रांची, पुन्हापुन्हा भेटींची कथा असेल, तर आम्ही इंकच सुचवू.