बिजागरी पक्की, स्क्रू भंगार: आठ महिन्यांनंतर

बिजागरी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात), ४ × ३ इंच, ३ मिमी जाडी, सांध्यात बेअरिंगवाली. ३२ मिमीचा फ्लश दरवाजा, सागवानी चौकट, तीन बिजागऱ्या. आठ महिन्यांत एक अख्खा पावसाळा गेला. बिजागरीला डाग नाही, कुरकुर नाही. सोबतचे स्क्रू मात्र श्रावणातच तांबूस पडले.

पाकिटावरचं 'एसएस' हे फक्त पानांपुरतं, म्हणजे बिजागरीच्या दोन पट्ट्यांपुरतं असतं. चुंबक लावून बघा: पानाला धरत नाही, स्क्रूला टचकन धरतो. म्हणजे बहुधा लोखंडावर नुसता मुलामा. (पानाला धरला नाही म्हणून ते ३०४ असेलच असंही नाही, २०२ नावाच्या दुसऱ्या स्टेनलेसलाही धरत नाही.) स्टेनलेसला टेकलेलं लोखंड दमट हवेत आणखी लवकर गंजतं. त्यात डोक्याची खाच उथळ, बिट दोनदा घसरला की डोकं गेलंच. एवढ्या महाग मालात काटकसर कुठे केली, तर स्क्रूंत!

तेव्हा ८ नंबरचे एसएस स्क्रू सुटे आणा. पानाला चार भोकं धरली तर चौकटीसाठी २ इंची डझनभर आणि झडपेसाठी सव्वा इंची डझनभर. दुकानातच भोकात बसवून बघा. डोकं जरा जरी वर राहिलं तर पानं पूर्ण मिटत नाहीत आणि दार लावताना स्क्रूच ओढले जातात. एसएस स्क्रू मऊ असतो. आधी ३ मिमीचं ड्रिल मारा, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडा, तो काढून एसएस घाला, साबण चोळून. काळे ड्रायवॉलचे स्क्रू नकोत. डोकं तुटतं आणि दांडा लाकडातच राहतो.

बेअरिंग म्हणजे पैशाची उधळपट्टी, हे पहिलं मत मागे घेतो. साध्या बिजागरीत नळीचे सांधे एकमेकांवर घासतात, काळी पूड पडते, आणि झिजेल तसं दार कुलपाच्या बाजूला खाली बसतं. इथे पूड अजून दिसलेली नाही. बाथरूमच्या हलक्या पीव्हीसी दाराला मात्र साधी पुरते.

जुन्या काढून नव्या बसवताना दाराखाली पाचर मारा आणि एका वेळी एकच बिजागरी सोडा. जुनं पान २ मिमीचं असेल तर दोन्हीकडची, पान बसतं ती लाकडातली खाच पटाशीने १ मिमी उतरवावी लागते, नाहीतर दार २ मिमी सरकून समोरच्या चौकटीला घासतं. खाच जास्त खोल गेली तर दार लावलं की उसळतं. तिथे पानाखाली पातळ पुठ्ठा द्या. ढिल्या भोकांत सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोका आणि रात्रभर वाळू द्या. वरच्या बिजागरीत तर हे टाळूच नका, सगळ्यात जास्त ओढ तिच्यावर असते.

उरलेल्या दारांनाही हीच घेणार. पाकिटातले स्क्रू कॅलेंडर टांगायला चालतील.