मातीचं तीनमजली कंपोस्ट मडकं: खत चांगलं, वास थोडा, झाकणाचा वैताग

हे कसं चालतं ते परत सांगत नाही. वरच्या मडक्यात ओला कचरा, भरलं की ते मधे, मग खाली. घेणाऱ्याला एवढं ठाऊक असतंच. आम्ही संक्रांतीच्या सुमारास घेतलं. घरात पाच माणसं, त्यात दोन शाळकरी मुलं. पुण्यातला फ्लॅट, गॅलरी पश्चिमेला, म्हणजे पाऊस थेट आत.

मी लिहायला बसले ती झाकणामुळे. सव्वातीन हजारांच्या वस्तूला जी मूठ दिली आहे ती सुपारीएवढी. कचरा टाकायला येणाऱ्याचा हात ओला असतो हे बनवणाऱ्याला सुचलं नसावं. मे महिन्यात लेकीच्या हातून ते निसटलं आणि तीन तुकडे झाले. फोन केला, तर झाकण सुटं मिळत नाही म्हणे. वरचं मडकं झाकणासकट घ्या, अकराशे रुपये, शिवाय घरपोच करायचे वेगळे. मग माझ्याकडे जे धडधाकट मडकं आहे त्याचं काय करू? त्यावर उत्तर आलं, “तुमच्या पर्यावरणपूरक प्रवासात आम्ही सोबत आहोत.” काही टाकू नका म्हणून शिकवणारी कंपनी झाकणापायी अख्खं मडकं टाकायला सांगते, आणि हे मला मुलांना समजावून सांगायचं!

दुसरी तक्रार कोकोपीटची. सोबत एक वीट आणि ‘जिवाणूंची पावडर’ येते. ती संपली की दर महिन्याला परत मागवायची. नारळाचा भुसा दूरवरून प्लॅस्टिकच्या वेष्टनात मागवायचा आणि त्याच्या जोरावर घरची भाजीची देठं जिरवायची, हा हिशेब मला पटत नाही. पाचपैकी दोन तारे.

इथपर्यंतचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. आता दिवाळी झाली, आणि यातलं बरंच बदललं आहे.

झाकण नव्हतं म्हणून मी स्टीलची परात पालथी घातली. पहिल्याच जोरदार पावसात रात्रभर तिच्यावर ताशा वाजला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी विचारणाही केली. तेही चाललं असतं. पण आठवड्याभरात मडक्याला आंबूस वास सुटला. परात उचलली तर आतून पाणी ठिबकत होतं. कचरा कुजताना ऊब तयार होते, वाफ वर जाते, स्टीलला लागून थंड होते आणि परत खाली पडते. भाजलेली माती ती वाफ शोषून बाहेर सोडते. म्हणजे झाकण मातीचं असणं दिसण्यासाठी नाही, अर्धं काम तेच करतं. एवढी महत्त्वाची गोष्ट असेल तर ती सुटी विकायला काय हरकत आहे?

ओल वाढली आणि अळ्या आल्या. बोटाच्या पेराएवढ्या, मळकट पांढऱ्या, वळवळणाऱ्या. मोठ्या झालेल्या तपकिरी होऊन बाहेर पडल्या. एक सासूबाईंच्या चपलेत निघाली. “अगं, हे घरात ठेवायचं की सोसायटीच्या बागेत?” असं त्यांनी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. कंपनीने आणखी एक पावडर सुचवली, साडेतीनशेची. ती घेतली नाही. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या होत्या. तिची मोठी माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही, आणि अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. हे सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा उपयोग झाला नाही. दुसरीतल्या नातवाने “आजी, ती आपला कचरा खाते, आपल्याला नाही,” असं सांगितल्यावर झाला. बाहेर निघालेल्या अळ्या तो कठड्यावर ठेवू लागला आणि साळुंक्या वेळेवर हजर राहू लागल्या.

इलाज सांगितला तो रोज कचरा न्यायला येणाऱ्या, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनी. परात उचलून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “ओलं जास्त झालंय, पाला घाला.” बस. पुस्तकी भाषेत कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण तीसास एक हवं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळल्या पानांत कर्ब. कोकोपीट तेच काम करतं, फक्त पैसे घेऊन. आमचे माळीबुवा दर उन्हाळ्यात पाल्याचे ढीग पेटवत होते, त्यातली पोती आता आमच्या गॅलरीत असतात. गुलमोहर आणि शिरीषाचा पाला सर्वांत छान, पानं मुळातच बारीक, चुरावी लागत नाहीत. आंबा, फणस, वड यांची पानं चामड्यासारखी, महिनोन् महिने तशीच राहतात. जिवाणूंसाठी आंबट ताक शिंपडते. कोकोपीटचा खर्च शून्यावर आला, त्यामुळे वरची दुसरी तक्रार रद्द समजा.

आणि झाकण मिळालं कुंभारवेशीत. मडक्याच्या तोंडाचं माप सुतळीने घेऊन गेले. माठाचं झाकण, साठ रुपये, मुठीत नीट मावणारी मूठ. त्याच्या कडेने किंचित फट राहते, पण उंदराला पुरेल एवढी नाही. पावसासाठी वरून तिरकी फरशी टेकवली. वास त्याच आठवड्यात गेला.

मुलांच्या बाबतीत: तक्ते, घोषणा, पर्यावरण दिनाची चित्रं, या सगळ्याने आमच्या घरात काही हललं नव्हतं. मडक्याने हललं. पोळीचे तुकडे आणि उरलेला भात टाकला की त्याचा चिकट गोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तो सहावीतल्या लेकीलाच फोडावा लागतो, कारण ढवळायचं काम तिचं आहे. तेव्हापासून ती भात आधी थोडा घेते, लागला तर परत मागते. धाकट्याचं काम फळांवरचे स्टिकर काढण्याचं. सफरचंद, किवी, संत्र्यांवरचे हे चिटुकले स्टिकर कुजत नाहीत, खत चाळताना जसेच्या तसे निघतात. त्याने ते फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवलेत. दार विद्रूप झालंय, पण मी काही बोलत नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं २०१६च्या नियमांपासून सगळ्यांनाच बंधनकारक आहे. आमच्याकडे ते मनापासून पाळतो तो हाच.

एक बारीक गोष्ट. एवढ्याशा मडक्यात मोठ्या ढिगाइतकी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. कढीपत्त्याच्या कुंडीत टोमॅटो आणि पपईची रोपं आपोआप उगवली. मुलं खूश. मी उपटायला गेले की भांडण.

आता चार तारे देते. पाचवा त्यांनी सुटी झाकणं विकायला ठेवेपर्यंत नाही. घरात दोनच माणसं असतील तर तीन मडकी घेऊ नका, वरचं भरतच नाही आणि कचरा नुसता वाळून बसतो. मापाची साधी मडकी कुंभाराकडून घेऊन बाजूला भोकं पाडून घेतली तर निम्म्याहून कमी पैशांत काम होईल. जाळीची चाळणी मात्र लागेलच, ती वाळू चाळायची घ्या.

खत भरपूर निघतं, आमच्या कुंड्यांना पुरून उरतं. नर्सरीत गांडूळखत विकत घेणारे शेजारी आता पिशवी घेऊन येतात. फुकट देत नाही. पिशवीभर खताला पोतंभर पाला, आणि आंब्याचा आणला तर परत पाठवते.