कबुलीची खोली: सूट द्यावी की नाही?

मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर धर्मगुरूंनी तो कळवलाच पाहिजे, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो कॅथलिक चर्चमधल्या पापकबुलीचा: भाविक पाद्र्याला एकांतात आपली पापे सांगतो आणि पाद्र्याने ती गुप्त ठेवायची असतात. तिथे कळलेले कळवण्यातून पाद्र्याला सूट द्यावी का?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये कायदा करून कबुलीलाही सूट नाकारली. न कळवल्यास ३ वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये हीच वाट धरली, पण जुलैत संघीय न्यायालयाने कबुलीपुरती अंमलबजावणी रोखली आणि ऑक्टोबरमध्ये राज्याने माघार घेतली. तिथले धर्मगुरू इतर मार्गांनी कळलेले कळवतील, कबुलीतले नाही.

सूट देणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. गुपित फोडणारा पाद्री चर्चच्या नियमाने आपोआप बहिष्कृत होतो. तो तुरुंगात जाईल, पण बोलणार नाही. शिवाय पकडले जाण्याच्या भीतीने गुन्हेगार कबुलीला येईलच कशाला?

तरीही मला व्हिक्टोरियाची बाजू पटते. कारण कबुलीला कधी कधी पीडित मूलही येते, आणि त्याचे तोंड उघडण्याची तीच एक जागा असू शकते. (आपल्याकडे बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ मध्ये, म्हणजे गुन्हा कळवण्याच्या सक्तीत, ‘कोणतीही व्यक्ती’ असेच शब्द आहेत; पुरोहित, मौलवी, पाद्री कुणालाच वेगळे काढलेले नाही.)