एल कहोनमधलं इराकी हॉटेल: मसगूफ माशाला तासभर लागतो, थांबा

सॅन डिएगोत राहून दोन वर्षं झाली आणि शेजारच्याच एल कहोन गावाच्या मेन स्ट्रीटवर गेल्या शनिवारी पहिल्यांदा गेलो, आधी का नाही गेलो याचं वाईट वाटतंय. २००३ च्या युद्धानंतर आलेली इराकी कुटुंबं तिथे भरपूर, त्यात खाल्डियन म्हणजे इराकमधल्या जुन्या ख्रिश्चन समाजाची जास्त. हॉटेल छोटं आहे, पार्किंगची बोंब आहे.

सामून म्हणजे होडीच्या आकाराचा पाव, भट्टीतून थेट टेबलावर, बोटं भाजतात तरी हात थांबत नाही. सोबत वाटीत पिवळंधमक लोणचं, नाव काय तर अंबा! आपलाच आंबा, मुंबईहून बगदादला गेला तो शब्दासकट. मेथी-हळदीच्या वासानेच मी अर्धा जिंकला गेलो.

मसगूफसाठी कार्प मासा पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडतात आणि चिंच, मीठ, हळद लावून विस्तवासमोर उभा ठेवतात. तेवढ्या वेळात मालकांशी गप्पा झाल्या, सगळे त्यांना अम्मू, म्हणजे काका, म्हणतात. बगदादचे. मार्च २००३ मध्ये बॉम्ब पडायला लागले तेव्हा काचांना चिकटपट्ट्या लावून मुलांना जिन्याखाली झोपवायचे, मग २००६ नंतर गल्लीत धर्म बघून माणसं मारायला लागले म्हणून जॉर्डनला पळाले, तिथे निर्वासित म्हणून अमेरिकेत यायला तीन वर्षं मुलाखतींवर मुलाखती, त्याही अमेरिकन अधिकाऱ्यांसमोर, आणि विमानाचं तिकीटसुद्धा कर्जाऊ, इथे येऊन हप्त्याने फेडलं. मला ऐकून रागच आला, ज्यांनी शहरावर बॉम्ब टाकले त्यांच्याच देशात यायचं आणि वर तिकिटाचे पैसे पण आपणच भरायचे? इथेच का आलात विचारलं तर म्हणाले, बाकी कुणी दार उघडलं नाही रे, आणि पोरांची शाळा तीन वर्षं बुडाली होती.

शेजारच्या टेबलावर एक माजी मरीन, म्हणजे अमेरिकन सैनिक होता, कॅम्प पेंडल्टन या मरीनच्या तळावरचा, इथून गाडीने तासाभरावर, तिथलेच मरीन २००३ ला इराकमध्ये घुसले होते. हा पण होता त्यात. दर महिन्याला येतो म्हणे. अम्मूंनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा स्वतःच्या हाताने काढून त्याच्या ताटात ठेवला, दोघंही काही बोलले नाहीत. मी खायचं सोडून बघत बसलो तर अम्मू मला ओरडले, मासा गार होतोय.

भात ठीकठाक. चहा मात्र घ्याच, इस्तिकान म्हणजे कमरेत बारीक काचेच्या पेल्यात येतो, वेलची घातलेला. शनिवारी जाणार असाल तर मासा आधी फोन करून सांगून ठेवा.