पर डे (दिवसाचा रेट) वाढवून मागायचा की तोच ठेवून ओटी (ओव्हरटाइम) लिहून घ्यायचा?

गेल्या महिन्यात मढला एका बंगल्यावर शूट होतं, कॉल टाइम सकाळी ७ चा आणि पॅकअप झालं रात्री १० ला. मी साउंडवाला, लेपल (कपड्यांना लावायचे छोटे माइक) गोळा करून केबल गुंडाळत होतो आणि माझा बूम (लांब दांड्यावरचा माइक) धरणारा मुलगा जिन्यावर बसून ट्रान्समीटरमधले सेल काढून चालू-संपलेले वेगळे करत होता, करता करता म्हणाला, दादा पुढच्या शोला मी हजार रुपये वाढवून मागणारे, मागू ना? म्हटलं माग, पण त्याआधी आजचा दिवस किती तासांचा झाला ते मोज. त्याने बोटांवर मोजलं, १५.

त्या रात्री घरी जाताना गाडीत त्याला जो हिशोब सांगितला तोच इथे मांडतोय. साउंड असो, कॅमेरा असिस्टंट असो, लाइट असो, जो कोणी पर डे वर काम करतो त्या सगळ्यांना तो लागू आहे.

समजा तुमचा पर डे ६,००० आहे आणि शिफ्ट १२ तासांची, म्हणजे तासाला ५०० पडले. दिवस १५ तासांचा झाला की तेच ४०० होतात. आता तुम्ही भांडून ७,००० करून घेतले आणि दिवस १५ तासांचाच राहिला, तर तासाला ४६७ च्या आसपास, म्हणजे वाढ मिळूनही तुम्ही कागदावरच्या जुन्या रेटच्या खालीच काम करताय. दुसरीकडे रेट ६,००० च ठेवला पण १२ तासांनंतर दीडपट ओटी लिहून घेतला तर तीन तासांचे २,२५० जादा, दिवसाचे ८,२५० झाले. अर्थात दिवस वेळेत संपला तर ७,००० वाला पुढे आणि ओटीवाला ६,००० वर, हेही खरं. बरोबरीची जागा कुठे येते तर जादा १ तास २० मिनिटांवर. तेव्हा मागच्या महिन्याच्या कॉलशीट (रोजच्या शूटच्या वेळांचे कागद) काढा, रोजचे जादा तास लिहा, बेरीज करून दिवसांनी भागा, सरासरी दीड तासाच्या वर असेल तर ओटी मागा, तासाच्या आत असेल तर रेट मागा. मधे असाल तर खाली लिहिलेल्या बाकीच्या गोष्टी बघून ठरवा. रोजच्या सिरीयलवर माझी सरासरी कधीच दीडच्या खाली आलेली नाही, कॉर्पोरेट इंटरव्ह्यूच्या कामात मात्र दिवस ८-९ तासांत आटपतो, तिथे ओटी मागून काय हातात येणार, तिथे रेटच वाढवायचा.

ओटीची एक कटकट आहे ती आधीच सांगतो. लिहून घेतला म्हणजे मिळाला असं नाही, महिन्याच्या शेवटी बिल लावलं की प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो त्या दिवशी तर ९ लाच सुटलो होतो ना आपण. म्हणून रोज पॅकअपला तिथल्या तिथे ग्रुपवर टाकायचं, "साउंड, इन ७.००, आउट १०.००", बस्स. कोणी लाइक करो न करो, वेळ नोंदली गेली. आणि जिथे तासाचा हिशोब न ठेवता दीड शिफ्ट (दीड दिवसाचे पैसे) देतात तिथे दीड शिफ्ट नक्की कितव्या तासाला लागते ते आधी विचारा, नाहीतर ती लागायच्या अर्धा तास आधी पॅकअप होतं आणि मधल्या तासांचं काहीच मिळत नाही.

रेटच्या बाजूने बोलायचं तर त्याचा मोठा फायदा म्हणजे तो पुढच्या कामाला तुमच्यासोबत येतो. या लाइनीत कोण किती घेतो ते सगळ्यांना माहीत असतं, ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) एकमेकींना फोन करूनच विचारतात. ओटी त्या शोबरोबर संपतो, नव्या ठिकाणी परत शून्यापासून बोलावं लागतं. आणि एकदा "या वेळी ॲडजस्ट करा" म्हणून खाली आणलेला रेट परत वर न्यायला वर्ष जातं, हे मी भोगलंय, त्यामुळे ओटीसाठी रेट कमी करायला कधी तयार होऊ नका, तोच ठेवा.

आता जीएसटी. ही गोष्ट रेट वाढवताना बहुतेक जण विसरतात. महिन्याला २५ दिवस धरले तर वर्षाचे ३०० दिवस, ६,००० ने झाले १८ लाख, ७,००० ने झाले २१ लाख. सर्व्हिसला २० लाखांच्या वर गेलं की रजिस्ट्रेशन लागतं आणि बिलावर १८ टक्के लावावे लागतात, आणि यात तुमच्या मिक्सर-माइकचं भाडंही मोजलं जातं बरं का. तुम्ही नुसतं "७,००० पर डे" एवढंच कबूल करून बसला असाल आणि समोरचा म्हणाला यातच सगळं आलं, तर कर जाऊन हातात उरतात ५,९३२. जुन्या ६,००० पेक्षा कमी! म्हणून रेट बोलताना "अधिक जीएसटी" हे शब्द त्याच वाक्यात पाहिजेत. मोठ्या प्रॉडक्शन हाउसला याचं काही वाटत नाही कारण त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं (तो कर त्यांच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो), कुरकुर करतात ते रजिस्ट्रेशन नसलेले छोटे प्रोड्यूसर.

पेमेंटचे दिवस हा तिसरा रस्ता, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. सिरीयलमध्ये ९० दिवसांचं क्रेडिट (बिलानंतर ९० दिवसांनी पैसे) आपण पावसासारखं धरून चालतो. महिन्याला २० दिवस काम केलं तर १ लाख २० हजार, तीन महिन्यांचे ३ लाख ६० हजार कायम समोरच्याकडे अडकलेले. ४५ दिवसांवर आणलं की अडकलेली रक्कम निम्मी. व्याजाच्या हिशोबाने हा फायदा फार नाही, वर्षाला १२ टक्के धरले तरी महिन्याला १,८०० च, पण शो अचानक बंद झाला की ९० आणि ४५ मधला फरक कळतो. माझे एका बंद पडलेल्या शोचे ४१ दिवसांचे पैसे बुडाले, अजून आले नाहीत. यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ऑनलाइन होतं आणि फुकट आहे. एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे उद्यम असलेल्या छोट्या व्यावसायिकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५, आणि त्या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी दाखवायचा. बिलावर उद्यम नंबर छापा, अकाउंट्सवाले तो बघतात.

बोलायचं कोणाशी, तर ईपीशी, आणि दोन शेड्यूलच्या मधे, सेटवर कधीच नाही. मागच्या शोला माझं असं झालं, ईपी म्हणाल्या, "दादा चॅनलने बजेट कापलंय, पर डे एक रुपया वाढणार नाही." मी म्हटलं, "ताई पर डे राहू दे, १२ तासांनंतरचं तेवढं लिहून द्या." थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तासाला किती?" रेटला ठाम नाही म्हणणारं माणूस तासावर बोलायला लागतं, कारण त्यांना वाटतं आपण वेळेत पॅकअप करू. आणि खरंच करायला लागले तर तुम्ही १० ऐवजी ८ ला घरी, मुलं जागी असताना.

त्या मुलाने शेवटी रेट आणि ओटी दोन्ही मागितले नाहीत, ओटीच मागितला. त्याचा मेसेज मीच बघून दिला: "ताई, पर डे पूर्वीचाच, अधिक जीएसटी लागू झाल्यास. शिफ्ट १२ तास, पुढे तासाला दीडपट. पेमेंट बिलापासून ४५ दिवस. ओके असेल तर इथेच ओके लिहा, मी तारखा ब्लॉक करतो." दुसऱ्या दिवशी दुपारी ओके आला, फक्त ४५ चे ६० करून. उद्यम नंबर घेतला की त्या ६० वर परत बोलायचं असं ठरलंय.